दुर्बीण, गॅस आणि बायकोचे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका घाबरट माणूस ठाण्याच्या खाडीच्या या काठावर नाही, आणि मी चौकशी केली नसली तरी त्या काठावरही नसावा. तुम्ही-आम्ही घाबरतो ते प्रसंग आल्यावर. मामांचं तसं नाही. ते आधीच घाबरून, आवरून, तयार होऊन बसलेले असतात, आणि प्रसंग आलाच नाही तर त्यांचा थोडा हिरमोडही होतो. घणसोली गावात त्यांचं तीन मजली घर आहे. खाली स्वतः एकटे राहतात, वरच्या खोल्यांत भाडेकरू. एके काळी भातशेती होती, थोडं मिठागर होतं. ते सगळं शहराच्या पोटात गेलं आणि मामा शेतकऱ्याचे घरमालक झाले. पण घरमालकाचा म्हणून जो एक आवाज असतो तो त्यांना कधी जमला नाही. भाडेकरूच्या दाराशी जाऊन ते आधी खोकतात, मग हळूच विचारतात, "जागं हाव ना? काय नाय, जरा धूर आल्यासारका वाटला म्हनून आलू." आत बिचारी बाई पोळ्या करत असते.

मी साताऱ्याकडचा. आमचं लग्न आमचं आम्हीच जमवलेलं. बायकोचे आई-वडील ती शाळेत असतानाच गेले, तिला वाढवलं मामा-मामींनी, तेव्हा मागणी घालायला मी मामांसमोरच बसलो होतो. पगार, शिक्षण, जमीनजुमला, सगळ्याची उत्तरं पाठ करून गेलो होतो. मामांनी विचारलं, "पवता येतं?" मी म्हटलं, येतं, विहिरीत शिकलोय. मग म्हणाले, "मोटरसायकल हाय?" मी छाती पुढे काढून हो म्हणालो. त्यावर मामा इतका वेळ गप्प बसले की मला वाटलं, जमलेलं लग्न मोटरसायकलवरून मोडतंय. शेवटी मामी आतून म्हणाल्या, "हलू चालवल तो, बोला काय ते." तेव्हा कुठे मामांनी मान हलवली. लग्नानंतर वर्षभराने मी ती मोटरसायकल विकली. मामांनी काही सांगितलं नव्हतं. पण आम्ही दोघं निघालो की ते कोपऱ्यापर्यंत चालत यायचे आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत उभे राहायचे. असं कुणी रोज पाठीमागे उभं राहिलं तर माणसाने गाडी चालवायची कशी?

त्यांच्या भीतीचा पहिला मान गॅसला. स्वतःच्या असो की आमच्या, घरातून निघताना मामा रेग्युलेटर चारदा बंद करतात. एकदा बंद करण्यासाठी. दुसऱ्यांदा, बंद झाला की नाही ते बघण्यासाठी. तिसऱ्यांदा, बघताना चुकून चालू तर झाला नाही ना, म्हणून. इथवर त्यांचा हिशोब मला समजतो. चौथ्यांदा कशाला, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मी एकदा जरा चिडूनच विचारलं होतं, बस चुकत होती. "असूं द्या जावाय," एवढंच म्हणाले आणि चौथ्यांदा आत गेले. बस गेली ती गेलीच.

दुसरा मान लिफ्टचा. आम्ही राहतो गावाबाहेरच्या नव्या टॉवरमध्ये, सातव्या मजल्यावर. मामा दर रविवारी येतात आणि जिन्याने येतात. वाटेतले थांबे ठरलेले. पहिल्यावर चप्पल झटकायची, दुसऱ्यावर कठड्याला हात लावून तो हलतोय का पाहायचं, तिसऱ्यावर एक काकू आहेत त्यांच्याकडे पाणी प्यायचं. आमच्या सोसायटीत मला फारसं कुणी ओळखत नाही. 'मामांचे जावई' म्हटलं की ओळखतात. मामा तिसऱ्यावर पोचले की काकू वर फोन करतात, "पाणी पितायत, चहा टाक." बायको चहा टाकते. चहा उकळून गाळून होईतो मामा दारात. इतकी वर्षं हे चाललंय. लिफ्टचं नाव काढलं की म्हणायचे, "दोरीवर टांगलेल्या पेटीन मानसानी बसू नये."

म्हणून त्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, काकूंचा फोन न येता थेट बेल वाजली आणि दार उघडल्यावर समोर मामा दिसले, तेव्हा आधी मला काही कळलंच नाही. त्यांच्या पाठीमागे लिफ्टचं दार बंद होत होतं. बायको स्वयंपाकघरातून आली, तिने लिफ्टकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मामा, तुम्ही लिफ्टने आलात?" मामा म्हणाले, "हो बाय. जिना चरवला नाय." उजव्या बाजूला पोटाशी हात दाबून, कमरेत वाकून उभे होते. काल संध्याकाळी बेंबीपाशी दुखत होतं, आता खाली उजवीकडे सरकलंय, दोनदा उलटी झाली, अंग तापलंय. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. आयुष्यभर डास चावला तरी मलेरियाचं नाव घेणारा माणूस असा शांत बोलायला लागला की समजावं, हे खरं आहे. मी चपला पायात अडकवल्या.

रिक्षाने आम्ही हॉस्पिटल गाठलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, आणि चौथ्या मजल्यावरच्या खोलीत सर्जन बाई आल्या. वयाने माझ्यापेक्षा लहान. मामांनी दुखणं सांगण्याआधी त्यांचं गाव विचारलं. ते डॉक्टरांना, कंडक्टरांना, सगळ्यांना विचारतात. बाई म्हणाल्या, "श्रीवर्धनच्या बाजूच्या आम्ही. आजोबांचा मासळीचा धंदा होता." कोकणी मुसलमान, खाऱ्या पाण्याकाठच्या. मामांच्या कपाळावरची एक आठी कमी झाली. बाईंनी बाकडं ओढलं, मामांच्या शेजारी बसल्या आणि नीट समजावून सांगितलं. अपेंडिक्स सुजलंय. आजच काढायला हवं, थांबलो तर आत फुटेल, मग विष पोटभर पसरेल. काढायचे दोन मार्ग. एक म्हणजे पोटावर चिरा देऊन, उघडून. दुसरा दुर्बिणीतून. "दुर्बिणीतून केलं तर तीन छोटी भोकं पडतात, दुखतं कमी, टाके पिकायची भीती कमी, लवकर घरी जाता येतं. मी तेच सुचवेन."

टाके पिकायची भीती कमी, हे ऐकून मामा खूश होतील असं मला वाटलं होतं. पण मामांच्या कानात एकच शब्द अडकला होता. "दुर्बीन?" ते म्हणाले. "दुर्बीन कशाला? दुर्बीन लांबचा बगाला असते. पोट त जवल हाय. तुमी काय लांब उब्या ऱ्हानार?"

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं, निदान मामांच्या बाजूने. दुर्बिणीशी त्यांचं जुनं वैर आहे. तरणेपणी ते कुठल्याशा जेट्टीवर फिरायला गेले होते, तिथे एकाकडे दुर्बीण होती, ती त्यांनी डोळ्याला लावली. समुद्रातली होडी इतकी जवळ आली की मामांनी दुर्बीण डोळ्याला तशीच ठेवून होडीत पाय टाकला. गुडघाभर चिखलातून त्यांना दोघांनी ओढून काढलं, एक चप्पल अजून तिथेच आहे. ही गोष्ट त्यांनी बाईंना पडल्या पडल्या सांगितली, मधे मधे कण्हत. "दुर्बिनीत जवल दिसतं, पन हात घालाला गेला का तिथं नसतं. तुमचा हात बी चुकंल. अपेंडिस सोरून दुसराच काय तरी हाती लागंल."

बाई हसल्या नाहीत, यासाठी मी त्यांना जन्मभर मानेन. म्हणाल्या, "मामा, ही दुर्बीण मी डोळ्याला लावत नाही. तिची नळी पोटात जाते, आणि आतलं चित्र समोर टीव्हीवर दिसतं." मला वाटलं, चला, मिटलं. मामा ताडकन उठायला गेले आणि दुखून परत पडले. "म्हंजे माज्याकरं बगनार पन नाय? टीव्ही बगत कापनार?" बाईंनी तरी धीर सोडला नाही. त्या म्हणाल्या, आतलं सगळं मोठं आणि स्पष्ट दिसतं, उलट उघडल्यावर दिसतं त्याहून जास्त. "फक्त आत जागा व्हावी म्हणून पोटात थोडा गॅस भरतो."

बायकोने डोळे मिटून घेतले. मी भिंतीकडे पाहिलं. मग मामा अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "गॅस? पोटान?" आणि थोड्या वेळाने, "न रेग्युलेटर कोन बंद करनार?"

पुढचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. घड्याळ चालत होतं, ताप वाढत होता, आणि मामा म्हणत होते, उघडा, सरळ उघडा, चार बोटं चिरा द्या, मी हू का चू करणार नाही, पण दुर्बीण नको आणि गॅस नको. जगात माणसं चिरा नको म्हणून दुर्बीण मागतात. आमचे मामा दुर्बिणीला भिऊन सुरी मागत होते. मी समजावलं, मग ओरडलो, मग बाहेर जाऊन स्वतःवर चिडलो. आत आलो तर मामांनी माझं मनगट धरलं. "तुमच्या मामींचा बी हाच झायला व्हता," ते म्हणाले. "लगीन होऊन दोनच वर्सं झायलेली. ठान्याला नेली. उघरून काढला. चार बोटं वन व्हता तिच्या पोटावर. त्या वनावर चालीस वर्सं जगली ती." मामींना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, त्या गेल्या हृदयाच्या दुखण्याने. बायको रडायला लागली. मामा तिला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तिला आत नेली न मी पललू. भेवानी. ठान्यावरनं चालत घनसोलीला आलू, मिठागराच्या बांधावर बसून ऱ्हायलू. ती सुदीवर आली न तिनी इचारला, हे कुठं हात? मी नव्हतू. कवा बोलली नाय मना त्यावरून. येकदा बी नाय." मनगट अजून सोडलं नव्हतं. "तुमी दाराशी ऱ्हावा जावाय."

मी म्हटलं, राहतो. आणि तेवढ्यात बाई परत आल्या. म्हणाल्या, "मामा, आता आपल्याकडे वेळ नाही. माझं ऐका. आधी दुर्बिणीतून बघते. नीट दिसलं नाही, हात चुकेल असं वाटलं, तर हट्ट करणार नाही, तुम्ही म्हणता तसं उघडेन. आणि गॅस मी स्वतः बंद करेन. दोनदा बघेन." मामांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "चारदा," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "चारदा." मामांनी सही केली. ऑपरेशनची खोली दोन मजले वर होती, स्ट्रेचर लिफ्टने न्यावं लागलं. लिफ्टमध्ये त्यांनी डोळे गच्च मिटले आणि ओठांनी काहीतरी मोजत राहिले.

दार बंद झालं आणि बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. बायको त्या दाराकडे बघत होती. तिचं माहेर म्हणजे एवढा एकच माणूस, आणि तो आत होता. अर्ध्या तासात येतील म्हणाले होते. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मग आतून सिस्टर आल्या. "अपेंडिक्स मागे आतड्याला चिकटलंय, फुटायला आलंय. दुर्बिणीतून धोका नको म्हणून मॅडम उघडतायत. वेळ लागेल." एवढं सांगून त्या गेल्या. त्यांनी 'धोका नको' म्हटलं होतं. मला फक्त 'धोका' ऐकू आला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, म्हटलं, पाणी आणतो.

लिफ्ट समोर उघडी उभी होती. मी जिन्याने उतरलो. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी वाटलं, आत्ता ही बंद पडली तर? प्रत्येक मजल्यावर कठड्याला हात लावून बघत होतो. सहा मजले उतरून मी गेटबाहेर गेलो, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. पाणी घेतलं नाही. समोर भर दुपारच्या रिक्षा चालल्या होत्या, लोक कलिंगडं घेत होते, आणि मी, मामांच्या घाबरटपणाचे किस्से ऑफिसात रंगवून सांगणारा मी, तिथे गुडघ्यांत हात दाबून बसलो होतो. घरून निघताना गॅस बंद केला होता का, हे आठवत होतो. मामांना आत ठेवून मी पळालो होतो. हे कळत होतं, तरी उठवत नव्हतं.

तास गेला असेल. फोन वाजला. बायको म्हणाली, "बाहेर आणलंय. ये." त्या 'ये' मध्ये कुठे गेला होतास हे नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. मी पळत रस्ता ओलांडला आणि पळतच सहा मजले चढलो. जिन्याने. मामा स्ट्रेचरवर होते, डोळे अर्धे उघडे, ओठ कोरडे पडलेले. मला पाहून हळूच म्हणाले, "व्हतं ना दाराशी?"

मी म्हटलं, "होतो मामा."

माझ्या छातीचा भाता वरखाली होत होता. मामांनी थोडा वेळ तो पाहिला. "मंग दम का लागलाय?"

"जिन्याने आलो."

मामांनी डोळे मिटले. "बरा केला," ते म्हणाले. "लिफ्टचा काय भरवसा नाय." पुढे कधीही, एकदाही, त्यांनी तो विषय काढला नाही. संध्याकाळी बाई तपासायला आल्या. काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "मामा, चारदा बंद केला. सिस्टर साक्षीला होत्या." मामा समाधानाने हसले, टाके दुखले, तरी हसत राहिले. दुर्बिणीची तीन भोकंही झाली होती आणि उघडल्याचा चिराही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दोन्ही दाखवायचे. "दोनी करून बगितला," असं सांगायचे, जणू बाजारातून दोन जातींचे तांदूळ आणून शिजवून पाहिले. कुठलं बरं, असं विचारलं तर म्हणायचे, "भोकांचा दुखत नाय, चिऱ्याचा दुखतं. बाई बोलली तेच खरा व्हता." आणि मग, कुणी ऐकत नसलं तर, "पन चिरा हाय म्हनून बरा वाटतं."

जिने चढायचे नाहीत असं बाईंनी बजावलं होतं. दीड महिना. लिफ्ट होतीच, पण लिफ्टने मामा आले नाहीत आणि आम्हीही आग्रह केला नाही. त्या लिफ्टचं दार उघडलं की बायको अजून दचकायची. आम्हीच गावात जायचो. रविवारची सकाळ मात्र आमच्याकडे सुनी सुनी असायची. आणि मग एका रविवारी फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. "मामा पाणी पितायत," त्या म्हणाल्या. "चहा टाक." हॉस्पिटलातनं घरी आणल्यापासून जिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती माझी बायको गॅससमोर उभी राहून ढसाढसा रडली. चहा मी टाकला.

मामा आले, पंख्याखाली नको म्हणून नेहमीसारखे बाजूला बसले, चहा प्याले. वाळले होते. सदऱ्याची कॉलर मानेपासून लांब राहिली होती. चौथ्यावर आणि सहाव्यावर नवे थांबे घ्यावे लागले म्हणाले. बायको भाजी आणायला खाली गेली तेव्हा त्यांनी सदरा वर केला आणि वणावर बोटं ठेवली. "तीन बोटं हाय. तिचा चार व्हता. जागा तीच." मग सदरा नीट खाली ओढून म्हणाले, "तुमी इचारला व्हता ना, चवथ्यांदा कशाला? तीनदा मी बंद करायचू, तरी मना चैन परायचा नाय. मंग ती उठायची. जाऊन हात लावून यायची न बोलायची, मी बगितला, चला. ती बोलली का मना पटायचा. ती गेल्यावर तिचा बी मीच करतंय. पन आपला आपन केला का तसा नाय पटत."

निघताना ते आमच्या स्वयंपाकघरात गेले. मी दारात उभा राहून मोजत होतो, सवयीने. एक, दोन, तीन. आणि मामा बाहेर येऊन चप्पल घालायला लागले. मी म्हटलं, "मामा, एक राहिला."

"तो आते तुमी करा," मामा म्हणाले.

मी आत गेलो आणि बंद असलेला रेग्युलेटर पुन्हा एकदा बंद केला. हात लावून पाहिला, उगाच जरा जास्त वेळ. बाहेर आलो तर मामा पहिल्या पायरीवर कठडा धरून थांबले होते, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, "मी बघितला, मामा. चला." तेव्हा ते वळले आणि एकेक पायरी मोजत खाली उतरू लागले.